‘पोट्टे घरात राह्यतात, पण घरचे वाटत नाई’

“ताई, पोट्टे घरात राह्यतात, पण घरचे वाटत नाई.”

दारव्हा, दिग्रस, आर्णी, पुसद, यवतमाळ जिल्ह्याच्या या पट्ट्यातल्या आया माझ्याकडे समुपदेशनाला येतात तेव्हा पोरांच्या अभ्यासाची तक्रार आधी सांगतात आणि खरी तक्रार उठता उठता. ती साधारण अशीच असते. आजोबा ओसरीत बसलेले, नात ट्यूशनहून येऊन त्यांच्या समोरून निघून जाते, नातू मोबाईलमधून मान वर काढत नाही. आजोबांनी तोंड उघडलं की “झालं, पुन्हा शकुंतला सुरू!” म्हणून दोघेही उठतात. (शकुंतला म्हणजे इथली जुनी, अरुंद रुळांची आगगाडी.) मग आई विचारते, घराण्याबद्दल पोरांना काही ओढ लावता येईल का? त्याच दमात पुढचा प्रश्नही येतो: जुनं उकरून काढलं तर त्यातून भांडणच निघायचं नाही ना?

हे दोन्ही प्रश्न एका आईने एकाच बैठकीत विचारले होते. तिच्या घराची गोष्ट तिच्या आणि तिच्या नवऱ्याच्या परवानगीने सांगते आहे. नावं देत नाही, काही खुणा बदलल्या आहेत.

घर दारव्हा तालुक्यातलं. कोरडवाहू शेती, कापूस आणि तूर, अलीकडे सोयाबीन. सासरे, म्हणजे पोरांचे आबा, 1948 सालचे, सासूबाई वारलेल्या. मुलगा दहावीत, मुलगी सहावीत. ही बाई माझ्याकडे आली त्याला निमित्त घडलं अक्षय्य तृतीयेचं. आपल्याकडे त्या दिवशी पितरांच्या नावाने घागर भरतात, पत्रावळीवर पान वाढतात, चिंचोणी करतात. नवरा एकेक नाव घेत होता. आजोबांच्या वडिलांचं, आईचं, सासूबाईंचं. शेवटी त्याने एक नाव हळू आवाजात घेतलं. मुलीने विचारलं, “हे कोन होते?” बाप म्हणाला, “तुया कामाचं नाई.” त्यावर मुलगा म्हणाला, “आमच्या कामाचं काहीच नसते ह्या घरात,” आणि जेवणावरून उठला.

ते नाव तिच्या धाकट्या दिराचं होतं. मुलीच्या जन्माआधीच त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं होतं. ती मला म्हणाली, “पोट्टे इचारत नाई म्हनून मी रडतो, आन इचारलं त भेव वाटते.”

वंशवृक्षाची एक साधी आकृती मी पहिल्या बैठकीत काढून घेते. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, गेलेल्या माणसावर फुली, समुपदेशनात ही खुणांची पद्धत सगळीकडे चालते. तिने सासरच्या तीन पिढ्या भराभर काढल्या, फक्त दिराच्या चौकोनापाशी पेन थांबला. सासूबाईंच्या माहेरचा एकही माणूस तिला काढता आला नाही. मला तिथे दोन वेगळी कामं दिसली. घरात गंमत आणणं हे एक. त्या चौकोनाबद्दल बोलणं हे दुसरं, आणि ते मुलांचं काम नव्हतं.

नवरा पुढच्या वेळी आला. खुर्ची दाराजवळ ओढून बसला, म्हणजे केव्हाही उठता येईल. “जुनं काहून उकरता म्याडम? निघन त भांडनच निघन.” त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. चुलतभावाशी धुऱ्याचा, म्हणजे शेताच्या बांधाचा, वाद चालू, प्रकरण तहसीलमध्ये. त्यात घरातलं कोणी जुने फेरफार काढायला गेलं तर संध्याकाळपर्यंत गावभर होतं. वारसाच्या फेरफारात माणूस गेल्यावर मागे कोण कोण राहिलं ते ओळीने लिहिलेलं असतं, म्हणजे तलाठ्याच्या दप्तरात अर्धी वंशावळ तयारच असते, हे खरं. पण 2005 च्या कायदादुरुस्तीनंतर मुलींनाही वडिलोपार्जित जमिनीत मुलांइतकाच हक्क आहे, आणि बहीण जुने कागद विचारू लागली की भाऊ कान टवकारतात. हक्क मागणं बरोबरच आहे, ते ज्याने त्याने उघडपणे मागावं. मुलांच्या खेळाच्या आडून ते होऊ नये, इतकंच मी म्हणते. म्हणून आमचं ठरलं: जमिनीच्या कागदाला हात लावायचा नाही. आणि धाकट्या भावाबद्दल मुलांशी बोलायचं की नाही, केव्हा, ते बापानेच ठरवायचं. एवढं ऐकल्यावर त्याने खुर्ची थोडी पुढे घेतली.

“आमच्या घरी वंशावळ-बिंशावळ काई नाई,” असं बहुतेक घरं सांगतात आणि बहुतेक घरांत ती असते. कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीत, जात वैधतेच्या फाईलमध्ये. कोणाच्या तरी अकरावी-बारावीच्या वेळी सगळं घर धावाधाव करून आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले आणि कोतवाल बुकाच्या (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीच्या) नकला गोळा करतं, वंशावळीचं शपथपत्र करतं. ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो, अनुसूचित जातींना 10 ऑगस्ट 1950 च्या आधीचा. काम झालं की ती पिशवी पुन्हा कोणी उघडत नाही. या घरातही पिशवी होती, नवऱ्याच्याच वेळची. मी सांगितलं, ती मुलाच्या हाती द्या आणि फक्त एक विचारा: यात चूक कुठे आहे ते शोध.

हे मी मुद्दाम सांगते. ‘आपला इतिहास जाणून घे’ म्हटलं की पोरं पळतात. मोठ्यांची चूक पकडायला मात्र बसतात.

चूक अर्ध्या तासात सापडली. आबांची जन्मतारीख 1 जुलै 1948. त्यांच्या वर्गातले म्हणून जे दोघे-तिघे गावात आहेत त्यांचीही 1 जुलैच. शाळेत नाव घालताना गुरुजींनी सगळ्यांना एकच तारीख देऊन टाकायची हा त्या काळचा रिवाज. मुलगा आबांकडे गेला, “आबा, खरं केव्हा झाले तुमी?” आबा म्हणाले, “माही माय सांगे, गांधीबाबा गेले त्या साली, पोळ्याच्या करीले.” गांधीजींची हत्या 30 जानेवारी 1948 ची, म्हणजे साल जुळलं. पोळा श्रावण अमावस्येला, कर त्याच्या दुसऱ्या दिवशी. मग मुलाने मोबाईलवर जुनं पंचांग शोधून श्रावण अमावस्या काढली. तारीख सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली. पोराने मोबाईलमध्ये डोकं खुपसलं होतं आणि त्याबद्दल घरात कोणी त्याला बोललं नाही, ही त्याच्या आईच्या लेखी मोठी बातमी होती.

ट्रंकेतून आबांचा चौथी पासचा मूळ दाखला निघाला. कागदाच्या माथ्यावर छापलेलं ‘मुंबई राज्य’. “आबा, तुमी मुंबईच्या शाळेत होते?” आबांनी मुंबई आजतागायत पाहिलेली नाही. इथून जो खेळ निघाला तो मी आता इतर घरांनाही देते. आबा जन्मले मध्यप्रांत व वऱ्हाडात, शाळेत बसले तेव्हा गाव होतं मध्यप्रदेशात आणि त्याची राजधानी नागपूर, चौथी झाली 1956 नंतरच्या मुंबई राज्यात, आणि मिसरूड फुटायच्या आत, 1 मे 1960 ला, महाराष्ट्र आला. घर तेच, ओसरी तीच. त्याआधीचं विचाराल तर वऱ्हाड निजामाचं. 1853 पासून कारभार इंग्रजांकडे, पण मालकी कागदावर निजामाचीच. कोणता पूर्वज कोणत्या राज्यात जन्मला हे मुलीने खडूने अंगणात लिहून काढलं. सहावीच्या इतिहासात तिला किती मार्क होते ते मी विचारलं नाही.

कागदांची एक मोठी खोट आहे. त्यांत पुरुषच भेटतात. शपथपत्रातल्या वंशावळीत आजोबा, पणजोबा, खापरपणजोबा, त्यांचे भाऊ, आणि बाई औषधाला नाही. 1 मे 2024 पासून जन्मणाऱ्या मुलांच्या नावात आईचं नाव लावायचं असा शासनाचा नियम झाला, त्याने पुढच्या पिढ्यांचं काम सोपं होईल. मागच्या बायका शोधायच्या तर मी स्वयंपाकघरात पाठवते.

आपल्या लग्नांत दिलेल्या भांड्यांवर नावं कोरलेली असतात. कोणी दिलं, कोणत्या गावाहून, कोणाच्या लग्नात, पुष्कळदा तारीखसुद्धा. मी मुलीला एक वही करायला सांगितली. घरातलं प्रत्येक भांडं उलटं-सुलटं करून वाचायचं: गुंड, गंज, कोपर, परात, स्टीलचे डबे, माळ्यावरचं घंगाळ. वाचता आलं नाही तर चिंचेने घासायचं. पितळेचं भांडं घासायला सहावीतली पोरगी आपणहून बसली, हे सांगताना तिची आई इतकी हसली की डोळ्याला पदर लावावा लागला.

वहीत गावं जमू लागली. काही कारंज्याच्या बाजूची, काही पुसदकडची. एका तांब्यावर आजीचं नाव होतं, पण घरात कोणालाच ओळखू न येणारं. सासरी आलेली आजी अनसूया होती, तांब्यावर होतं ‘पार्वती’. लग्नात नाव बदलायची रीत. तांब्या तिच्या मामाने लग्नाआधी दिलेला. आबांना विचारलं तेव्हा ते जरा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “हो, तिची माय तिले पारूच म्हने.” नवऱ्याला आपल्या आईचं हे नाव ठाऊक नव्हतं. त्या वहीतल्या गावांचा नकाशा काढल्यावर दिसलं की घराण्यातल्या बायका कोणत्या बाजूने आल्या आणि मुली कोणत्या बाजूला दिल्या. बंडीने एका दिवसात जाऊन येता येईल एवढ्याच अंतरात बहुतेक गावं होती. एकच गाव लांब मूर्तिजापूरकडे. ते तिथे कसं आलं, हा प्रश्न आबांच्या त्याच जुन्या गाडीपाशी येऊन थांबला.

म्हातारी माणसं तेच तेच का सांगतात, याला सगळ्यांकडे एकच उत्तर असतं: वय झालं. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ रॉबर्ट बटलर यांनी 1963 मध्ये यावर लिहिलं. उतारवयात माणूस आपलं आयुष्य पुन्हा पुन्हा चाळतो ते हिशेब लावण्यासाठी, भ्रमिष्टपणाचं लक्षण म्हणून त्याकडे पाहू नये, असं त्यांचं मांडणं होतं. स्मरणाचा अभ्यास करणारे आणखी एक सांगतात. म्हाताऱ्या माणसांच्या आठवणींत साधारण दहा ते तीस या वयातलं सगळ्यात जास्त असतं. आबांची ती वर्षं म्हणजे शकुंतलेचा प्रवास, 1972 चा दुष्काळ आणि मिलो ज्वारीची लाल भाकर, त्याच सुमारास आलेला संकरित एच-4 कापूस, कापसाच्या सरकारी एकाधिकार खरेदीत बंडी घेऊन काढलेल्या रात्री आणि चुकाऱ्याची, म्हणजे पैसे मिळण्याची, वाट. (नवं काही विसरत असतील, रस्ता चुकत असतील, घरचं माणूस ओळखत नसतील तर गोष्ट निराळी. तेव्हा डॉक्टरला दाखवायचं.)

म्हणून मी मुलांना सांगितलं, आबांना ‘तुमच्या जुन्या गोष्टी सांगा’ म्हणायचं नाही. असं विचारलं की ते एकतर “म्या काई शिकेल नाई, मले काय येते सांगता” म्हणतात नाहीतर भाषण देतात. हातात वस्तू घ्यायची आणि लहान प्रश्न विचारायचा. हा अडकित्ता कोणाचा? मूर्तिजापूरच्या तिकिटाला किती पडत? गाडीत बसायला कुठे जायचे? आणि उत्तर मिळालं की दुसऱ्या माणसाला तोच प्रश्न.

या दुसऱ्या माणसातच खरी गंमत आहे. आबांची थोरली बहीण मूर्तिजापूरकडे दिलेली, वय ऐंशीच्या पुढे, आवाज खणखणीत. मुलाने फोन स्पीकरवर टाकला. आबा म्हणाले, तिला सासरी नेलं ते रेंगीतून (लहान बैलगाडीतून), बैल मी हाकलले. पलीकडून आत्याबाई: “तुया आबाले काय ठावं! तो त रेंगीत झोपला होता. म्या शकुंतलेत बसून गेली, मोतीबागेहून!” आबा उठून उभे राहिले. “खोटी बोलते थे!” पोरं न्यायाधीश. दोन्ही बाजूंनी साक्षी बोलावल्या गेल्या, एक साक्षीदार तर फोनवर रडला, आईची आठवण आली म्हणून. निकाल अजून लागलेला नाही आणि लागू नये असं मला मनापासून वाटतं.

यवतमाळ–मूर्तिजापूरची ती अरुंद रुळांची गाडी कापसासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला टाकलेली, खासगी कंपनीच्या मालकीची, आणि 1994 पर्यंत कोळशाच्या इंजिनावर धावणारी. मुलांनी फक्त गवतातले रूळ पाहिलेले. एका रविवारी बाप त्यांना आणि आबांना घेऊन दारव्हा मोतीबाग स्टेशनवर गेला. आबांनी चालत्या गाडीतून कुठे उडी टाकायचे ती जागा दाखवली. ती त्यांनी दोनदा दाखवली, दोन्ही वेळा वेगळी.

आता वाईट झालं तेही सांगते. मुलगा आबांचं बोलणं मोबाईलवर टिपून ठेवायचा. मीच सुचवलं होतं की व्हिडिओ नको, नुसता आवाज घे. कॅमेरा दिसला की म्हातारी माणसं ताठ बसतात आणि सभेत बोलल्यासारखी बोलतात. कोणालाही पाठवण्याआधी ज्याचा आवाज त्याला विचार, हेही सांगितलं होतं. पण पोरगा उत्साहात. आबांनी वावरांची नावं सांगितली, बरड, वडाचं वावर, मधलं, आणि सांगता सांगता धुरा पूर्वी कुठे होता तेही बोलून गेले. ते त्याने भाऊबंदांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. रात्री आठ वाजता चुलतकाका अंगणात. “हे काय टाकलं पोट्ट्यानं? धुरा तिथं होता?” आवाज चढले, शेजारी जमले. बाईने दुसऱ्या दिवशी मला फोन केला, “झालं ताई, सांगतलं होतं ना मी.”

मी विचारलं, मग पुढे काय झालं? पुढे असं झालं की काका ओरडून दमल्यावर म्हणाला, आणि ते बरड नाहीच, बरड पलीकडचं. आबा म्हणाले, पलीकडचं ते माळ. मुलीने वही काढली. काका ओसरीच्या कडेवर टेकला तो चहा होईपर्यंत. धुऱ्याचं प्रकरण तहसीलमध्ये तसंच चालू आहे, ते अशाने मिटत नसतं. मुलाने मात्र रेकॉर्डिंग काढून टाकलं आणि काकाला “विचारलं नाही, चुकलं” म्हणाला, हे मला त्याच्या बापाकडून कळलं.

राहिलं ते धाकट्या दिराचं. बापाला भीती होती की सांगितलं तर पोरांच्याही डोक्यात ते शिरेल. ही भीती मला या भागात पुष्कळ घरांत दिसते. प्रेमाने, नीट शब्दांत सांगितल्याने मुलाच्या मनात असा विचार पेरला जात नाही. उलट पारावर कोणाकडून तरी अर्धवट कळतं, तेव्हा मूल घरच्यांवरचा भरवसा गमावतं. कसं सांगायचं याची आम्ही तयारी केली. सांगायचं खरं आणि थोडक्यात. कशाने, कुठे, कसं, याचा तपशील द्यायचा नाही. ‘कर्जापायी गेला’ असं एका ओळीत बांधून टाकायचं नाही, कारण मूल मग शिकतं की कर्ज झालं की हाच रस्ता. त्याच्या मनाला खूप त्रास होता, तो आम्हाला वेळेवर कळला नाही, अशा त्रासावर इलाज असतो, आणि तुला कधी तसं वाटलं तर मला सांग, मी रागावणार नाही. एवढंच. शासनाची टेलिमानस हेल्पलाईन 14416 या क्रमांकावर 2022 पासून आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो नंबर मी बापाच्याच मोबाईलमध्ये घालून दिला. मला काळजी पोरांपेक्षा त्याची जास्त होती.

तो वावरात बोलला, डवरणीच्या दिवसांत, दोघांनाही सोबत घेऊन. नेमकं काय बोलला ते त्याने मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही. मुलीने काका काय खेळायचा असं विचारलं. कबड्डी. मग ट्रंकेच्या तळाशी असलेली, वहीत ‘कोणाची माहीत नाही’ अशी नोंदलेली लहान ढाल कोणाची ते तिने भरून टाकलं.

अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात मार्शल ड्यूक आणि रॉबिन फिवुश यांनी मुलांसाठी वीस हो-नाहीचे प्रश्न तयार केले होते. आईवडील कुठे वाढले, आजी-आजोबा कसे भेटले, घरावर कोणतं संकट आलं होतं, असे. ज्या मुलांना जास्त उत्तरं ठाऊक होती ती मनाने जास्त सावरलेली आढळली. हे वाचून काही शिक्षक मंडळी पोरांकडून उत्तरं पाठ करून घ्यायला निघतात, म्हणून ड्यूक यांचीच पुढची सूचना सांगते: उत्तरं पाठ करून फायदा नाही, ती मिळवताना घरात जे बोलणं-बसणं होतं त्याचा तो परिणाम. आणखी एक त्यांचं निरीक्षण मला आपल्या शेतकरी घरांसाठी फार उपयोगी वाटतं. ‘आपण कायम चढत गेलो’ आणि ‘आपलं सगळं गेलं’ या दोन्ही गोष्टींपेक्षा, चढलो, पडलो, पुन्हा उभे राहिलो, अशी गोष्ट मुलांना जास्त बळ देते. बोंडअळीचं साल सांगायचं तर त्याच्या पुढचं सालही सांगावं.

ही बाई शेवटची आली तेव्हा तिच्याकडे नवीनच तक्रार होती. “नवऱ्याकडचं सगळं झालं ताई. माह्या माहेरचं कोनीच इचारलं नाई.” मी म्हटलं, भांड्यांच्या वहीत तुझ्या लग्नातली भांडी कुठे आहेत? ती शेवटच्या पानावर होती, मुलीने ‘आईची’ एवढंच लिहिलेलं. तिची आई अजून आहे, ऐकू कमी येतं, पण कोणत्या डब्यावर कोणाचं नाव ते हात फिरवून सांगते म्हणे. दिवाळीच्या सुट्टीत पोरं तिकडे जाणार आहेत. मुलाला मी एवढंच सांगितलं, आजीच्या ज्या कानाला बरं ऐकू येतं त्या बाजूला बस, आणि ग्रुपवर काही टाकायचं असेल तर तिला विचार.